भेगेवर बोट

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालं की नागझरीच्या आसपास झाडांचा रंग जातो. पानांवर खडीची भुकटी बसलेली असते, आणि पावसाळा सोडला तर ती तशीच राहते. वाणगावला आम्ही मिरची आणि चिकू बघत मोठे झालो. कारखाने आणि त्यांच्या पाठीमागच्या दगडखाणी एका स्टेशनाच्या अंतरावर. आता वाढवणचं बंदर, बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग अशी तीन कामं एकाच जिल्ह्यात निघाली आहेत आणि तिन्हींना दगड हवा आहे. दगड ब्रासने मोजतात, त्याचा हिशोब चोख असतो. तो काढणारी माणसं मोजायची तर मुकादमाच्या वहीवर भरवसा ठेवावा लागतो.

*

माझ्या या वहीतल्या टिपणांमागचा प्रश्न एवढाच: खाणीत नव्याने आलेल्या माणसाला संगणकासमोर बसवलं, खाणीचे फोटो दाखवले, ‘यात धोका कुठे आहे तिथे बोट ठेव’ असं पुन्हा पुन्हा करून घेतलं, तर खऱ्या खाणीत त्याला तो धोका वेळेत दिसेल का?

*

अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी. तिच्या खाण विभागाने दगड, वाळू आणि खडीच्या उघड्या खाणींचे मोठाले फोटो काढले. जागा चार निवडल्या: खाणीचा खड्डा, क्रशरचा प्लांट, दुरुस्तीचं वर्कशॉप आणि डंपरचा रस्ता. माणसाएवढ्या उंचीच्या अर्धगोल पडद्यावर ते फोटो दाखवून खाणकामगारांना, सुरक्षा अधिकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना त्यातले धोके शोधायला सांगितले. नजर कुठे कुठे फिरते तेही यंत्राने टिपलं. फोटोंत जे धोके होते त्यांतले जेमतेम निम्मे लोकांना सापडले. अनुभवी माणसांच्या हातूनही बरेच निसटले. पुढे याच कामातून त्यांनी ‘एक्झॅमायनर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं.

निम्मे. ‘वीस वर्षं खाणीत आहे, मला काय शिकवता’ म्हणणाऱ्या माणसासमोर हा आकडा ठेवावासा वाटतो. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे कितीतरी वेळा तोच दगड डोक्यावर लोंबकळत होता आणि पडला नाही, हाही अनुभवच. त्यातून डोळा तयार होतो तसा निबरही होतो.

*

संगणक येण्याआधीही ही माणसं याच वाटेने जात होती. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या खाण ब्युरोने कागदी गोष्टी तयार केल्या होत्या. अपघाताची एक परिस्थिती, खाली चार-पाच पर्याय. जो निवडाल त्यावर खास पेनाने घासायचं, की अदृश्य शाईत छापलेलं उत्तर वर यायचं: तुम्ही हे केलंत, आता असं झालं, पुढे काय? माणूस चुकायचा, पण कागदावर. पुढे त्रिमिती स्लाइड आल्या, आपल्याकडे जत्रेत डोळ्याला लावून ताजमहाल बघायचो तसल्या. त्यात ताजमहालाऐवजी खाणीचं छत आणि त्यातली चीर.

मला ती शाईची युक्ती आजच्या पुष्कळ संगणकी धड्यांपेक्षा बरी वाटते. आजचा धडा ‘चुकीचं उत्तर, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो. ती शाई म्हणायची, तुझा जोडीदार आत अडकला.

*

त्याच संशोधकांची आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. धोका ठळक दिसेल असे फोटो शिकवायला कमी उपयोगाचे, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या खाणीत धोका कधी स्वच्छ उजेडात, मधोमध उभा नसतो. धुळीत असतो, सावलीत असतो, डंपरच्या चाकामागे अर्धा लपलेला असतो. म्हणून त्यांनी मुद्दाम बिघडवलेले फोटो वापरले: अंधुक, अर्धवट झाकलेले, समोरून प्रकाश आलेले. युद्धात शत्रूची विमानं आणि झाकून ठेवलेल्या तोफा ओळखायला माणसं तयार करतात, त्यातला हा धडा.

आपल्याकडची सुरक्षा सप्ताहातली पोस्टर आठवा. पिवळं हेल्मेट घातलेला गोरापान कामगार, पाठीमागे निळं आभाळ. त्यात शोधायला काहीच नाही.

*

आमच्या आळीत एक वयस्कर गृहस्थ राहतात. उमेदीची वर्षं त्यांनी क्रशरवर काढली, आधी ड्रिल मशीनवर आणि नंतर सुरुंग भरण्यात. त्यांना लॅपटॉपवर परदेशी दगडखाणींचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, “गुरुजी, हा दगड आपला नाय. याला आडवे थर हायत. आपल्याला उभ्या भेगा.”

फोटो चुनखडीच्या खाणीचा होता. त्यांना मी ते सांगितलं नव्हतं.

*

आपला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. थंड होताना तो आक्रसतो आणि उभ्या भेगा पडतात. काही ठिकाणी त्यांचे नीट खांब झालेले दिसतात. सुरुंगानंतर या खांबांपैकी एखादा सुटा होतो, पण पडत नाही, शेजाऱ्याला टेकून उभा राहतो. पुढचा सुरुंग, पोकलेनचा धक्का किंवा पहिला पाऊस, यातलं काहीतरी त्याला पाडतं.

लाव्हा एकदाच वाहिला नाही. एका थरावर दुसरा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, वरचा पृष्ठभाग कुजून तांबडी माती झाली. खाणीच्या उभ्या कापावर ती एखाद्या ओढलेल्या रेघेसारखी दिसते. उन्हाळ्यात कडक असते. पाणी वरून उभ्या भेगांतून झिरपत येतं आणि या तांबड्या पट्ट्यावर अडतं. पट्टा भिजतो, गुळगुळीत होतो, आणि वरचा सबंध काळा थर त्यावर सरकायला मोकळा होतो. आधी पट्ट्याखाली ओल दिसते, मग तांबडं पाणी ठिबकतं. हे ठिबकणं ज्याला वाचता आलं त्याला निदान माणसं बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

सगळ्यात वर मुरूम, आणि मुरमात गोल दगड. बेसॉल्ट कुजतो तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा. बाहेरचे पापुद्रे मुरूम होतात, आतला टणक गोळा तसाच राहतो. मुरूम पावसाने धुपला की गोळा उघडा पडतो आणि एक दिवस उतारावरून सुटतो. खाली उभ्या माणसाची नजर समोरच्या काळ्या दगडावर असते.

जगात कुठेही तयार केलेल्या संगणकी धड्यात हा तांबडा पट्टा सापडायचा नाही. कोळशाच्या धड्यात छत असतं, वायू असतो. चुनखडीत आडवे थर असतात. नागझरीच्या माणसाला नागझरीचे फोटो लागतील.

*

१९६१च्या धातुखनिज खाणींच्या विनियमांत (नाव धातूचं, पण दगडखाणींनाही तेच लागू) काही वाक्यं इतकी साधी आहेत की प्रत्येकाचा एकेक फोटो होईल. खाणीच्या काठापासून ३ मीटरच्या आत झाड, सुटा दगड किंवा मलबा राहू द्यायचा नाही. माती-मुरमासारख्या मऊ थरात कड ४५ अंशांपर्यंतच्या उताराची ठेवायची, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या करायच्या. कडा खालून पोखरून वरचा भाग अधांतरी ठेवायचा नाही.

कुठल्याही क्रशरच्या रस्त्यावरून जाताना खिडकीतून ही तीन वाक्यं तपासता येतात. मी तपासतो. बसमधल्या शेजाऱ्याला वाटतं, निसर्ग बघतोय.

*

प्रशिक्षणाचा कायदा आपल्याकडे जुना आहे. १९५२चा खाण कायदा, त्याखाली १९६६चे व्यवसाय प्रशिक्षण नियम: नवा माणूस शिकवल्याशिवाय कामाला लावायचा नाही, शिकतानाच्या काळाचे पैसे त्याला द्यायचे. कोळशाच्या मोठ्या कंपन्यांत याची केंद्रं आहेत, प्रशिक्षक आहेत, वर्ग भरतात. दगडखाणीत गोष्ट विरळ होत जाते. कायद्यातच एक दार ठेवलेलं आहे: दगड-मुरमाची उघडी खाण ६ मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामाला नसतील आणि स्फोटकं वापरली जात नसतील, तर बहुतेक कलमांतून सूट. बेसॉल्ट सुरुंगाशिवाय निघत नाही, त्यामुळे या दारातून आमच्याकडच्या खाणी खरं तर बाहेर पडू शकत नाहीत. कागदावर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून खाण कायदा आणि कारखाने कायद्यासह तेरा कायदे एका नव्या संहितेत गेले. खाणीतल्या माणसाला याचा पत्ता लागला असेल तर तो मोबाइलवरूनच.

*

तुलनेसाठी. अमेरिकेत दगड-खडीच्या उघड्या खाणीत नव्या माणसाला २४ तास प्रशिक्षण, त्यातले किमान ४ तास काम सुरू करण्याआधी, आणि पुढे दरवर्षी ८ तास. हे संगणकावर दिलं तरी चालतं, असं नियमातच लिहिलंय. आणि ते कामाच्या वेळेत, पगारी द्यायचं. या शेवटच्या अटीकडे आपल्याकडे कुणी फारसं बघत नाही. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

*

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. तिथे नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला सिम्युलेटरवर घासूनपुसून तयार केल्याशिवाय परवाना मिळत नाही. खोटा कक्ष, खरी बटणं, मुद्दाम घडवलेले बिघाड. म्हणजे यंत्रापुढे बसवून धोका ओळखायला शिकवण्याची कल्पना आमच्या भागाला नवी नाही. फक्त ती किनाऱ्यालगत राहिली, रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला आली नाही.

*

डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्यांबद्दल. धनबादच्या आयआयटीत ऑस्ट्रेलियाच्या सिमटार्स या संस्थेच्या साहाय्याने उभारलेला आभासी खाण सिम्युलेटर आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये खाण-बचाव केंद्रांत चहूबाजूंनी पडदा असलेली दालनं आहेत, ज्यात माणूस धुराने भरलेल्या बोगद्यात उभा असल्यासारखा होतो. भूमिगत खाणीसाठी याचं मोल मोठं. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या किंवा भंडारा-नागपूरकडच्या मॅंगनीजच्या भूमिगत खाणीत दिवा विझला, धूर आला, तर कुठल्या वाटेने निघायचं याची तालीम खऱ्या धुरात करता येत नाही.

उघड्या दगडखाणीत मात्र चष्मा हे मला नवश्रीमंती वाटते. तिथे आभाळ उघडं आहे, कडा समोर आहे. चांगले काढलेले फोटो आणि एक साधा फोन पुरे. फोन प्रत्येकाकडे आहे. त्यावर रील्स बघून बघून बोट आधीच तयार झालंय.

*

आवाज. कोळशाच्या खाणीत छत ठोकून बघण्याची रीत आहे. भरीव दगड खणखणतो, सुटा दगड ढबढबतो. आमचे आळीतले गृहस्थ पहारीने कडा ठोकत. हे पडद्यावर कसं आणायचं? फोटोने नाहीच. पण संगणकाला स्पीकर असतो हे धडे करणारे विसरतात. एकाच खाणीतले भरीव आणि पोकळ ठोके रेकॉर्ड करून एकामागे एक ऐकवायचे, डोळे मिटून उत्तर द्यायला लावायचं. क्रशरच्या आवाजाने कान गेलेल्यांना हे जमायचं नाही, आणि तेही एक निदानच.

*

परीक्षेतला एक दोष. प्रत्येक फोटोत धोका आहे हे माणसाला दोन मिनिटांत कळतं, मग तो सगळीकडे बोट ठेवत सुटतो. म्हणून मधे मधे काहीच धोका नसलेले फोटो हवेत आणि उगाच बोट ठेवल्याबद्दल गुण जायला हवेत. रोज ‘कोसळतंय’ म्हणणाऱ्याचं खाणीत कुणी ऐकत नाही.

दुसरी बाजूही आहे. पडद्यावर दर मिनिटाला धोका सापडतो, खाणीत आठवडेच्या आठवडे काही होत नाही. १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ याने रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी घड्याळाचा एक प्रयोग केला होता. काटा एकेक टप्पा पुढे सरकायचा, क्वचित दोन टप्प्यांची उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. खाणीची पाळी अर्ध्या तासाची नसते.

*

न दिसणाऱ्या धोक्याचं काय करायचं? तारापूर औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार गेले. वसाहतीत जागोजागी वापरला जाणारा नायट्रोजनच घ्या. हवेत तो ७८ टक्के असतो, रंग नाही, वास नाही. बंद टाकीत तो वाढला की प्राणवायू घटतो, आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा धावतो. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे, असं नायॉशने १९८६च्या इशारापत्रात लिहिलं होतं.

या धोक्याचा फोटो काढला तर त्यात एक टाकी आणि उघडं झाकण दिसेल. तेच शिकवायचं: झाकणावरच बोट ठेवायला. आणि मित्र आत पडलेला दिसत असताना पाय जागच्या जागी कसे ठेवायचे तेही. हे शेवटचं पडद्यावर शिकता येतं असं मला वाटत नाही. त्याची अंगाने तालीम लागते.

*

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के सुरू झाले. पहिल्या दिवसांत भांडी वाजली की घरातली माणसं विचारायची, सुरुंग का? खाणीजवळच्या गावांना हादरा ओळखीचा. सुरुंगाची वेळ ठरलेली असते, भूकंपाची नाही. रात्री दोनला भांडी वाजली तेव्हा लोकांना उत्तर मिळालं. भूकंपमापक नंतर आले.

*

मे २०२४च्या अखेरीस ससूनवघरजवळ, वर्सोवा खाडीच्या बाजूला, सूर्या पाणी प्रकल्पाच्या बोगद्यासाठी खोदलेल्या खड्ड्याची कड ढासळली आणि एक पोकलेन चालक यंत्रासकट खाली गाडला गेला. ही खाण नव्हे, पण खड्डा तोच, माती तीच. चालक केबिनमध्ये बसलेला असतो, समोर बकेट, कानात इंजिन. मागच्या कडेवरची चीर त्याला दिसणार कशी? ती दिसण्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं असावं लागतं, आणि त्याच्या हातात शिट्टी असावी लागते. फोटोवरच्या धड्यात प्रत्येकाला एकट्याने धोका शोधायला लावतात. खाणीत एकाला दिसतो आणि दुसऱ्यावर पडतो.

*

इथे माझं घोडं अडतं.

डंपरवाल्याला खेपेचे पैसे मिळतात. ड्रिलवाल्याला फुटावर. खाली दगड फोडणाऱ्याला ब्रासवर. कडा धोक्याचा वाटला म्हणून तासभर काम थांबलं तर तो तास कुणाच्या हिशोबात लिहायचा, हे कुठल्याच वहीत छापलेलं नाही. थांबा म्हणणारा बहुतेक वेळा सगळ्यात नवा असतो, त्याची नजर ताजी असते म्हणून. तो झारखंडचा किंवा ओडिशाचा असतो, किंवा जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर आलेला. मुकादमाने त्याला आगाऊ रक्कम दिलेली असते. पडद्यावर भेगेवर बोट ठेवलं की हिरवी खूण उमटते. मुकादमासमोर ठेवलं तर उद्याची हजेरी लागेल की नाही सांगता येत नाही.

आमच्या गृहस्थांना विचारलं, तुम्हाला दिसायचं तेव्हा तुम्ही काय करायचात? “मी ब्लास्टर होतो ना. मी नाय म्हटलं की सुरुंग नाय भरायचा. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं.” आणि खालच्यांना दिसलं तर? “ते मला सांगायचे. माझ्याकडनं वर.” मग थोडं थांबून, “सगळे नाय सांगायचे.”

*

यावरून एक सुचतं. संगणकी धडा मुकादमालाही द्यायचा, आणि कामगाराच्या आधी. त्याला निम्मेच धोके सापडले हे त्याच्या माणसांसमोर एकदा दिसू द्यायचं. नंतर कुणी बोट दाखवलं तर त्याला निदान ते अपमानासारखं लागणार नाही.

कामगारांना एकेकट्याने न बसवता तिघा-तिघांत एक फोन द्यायचा. भांडतील, वारली-हिंदी-मराठीत एकमेकांना खोटं पाडतील. ‘ते बघ तिथे’ हे वाक्य तोंडात बसायला तेवढी सवय लागेल.

*

फोटो कधी काढायचे याची यादी. मे महिन्यात भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उजेडात. पहिल्या जोरदार सरीनंतरच्या सकाळी, तांबडा पट्टा ओला असताना. सुरुंग झाल्यावर धूळ बसायच्या आत. संध्याकाळी, डंपरच्या दिव्यांनी समोरचं काही दिसत नाही तेव्हा. क्रशरच्या फिरत्या पट्ट्याच्या पुलीवरची जाळी काढून ठेवलेली असताना आणि बसवलेली असताना, दोन्ही. शिवाय एकदोन फोटो असे, ज्यात सगळं नीट आहे.

*

ओळखीतून एका क्रशरच्या मालकांना विचारलं. माणूस वाईट नाही. चहा पाजला, फोटो कशासाठी ते नीट ऐकून घेतलं, कामगारांना तासभर बसवायलाही हो म्हणाले. त्या तासाची हजेरी धरणार का, हे विचारलं तर म्हणाले, बघू. अट एकच घातली, मागच्या बाजूच्या कड्याचे फोटो नकोत.

मग आमच्या गृहस्थांनी एक बंद पडलेली खाण सुचवली. पाणी साठलंय, पण वरच्या अर्ध्या भागात तांबडा पट्टा उघडा आहे आणि मुरमात गोळे लोंबतायत. काठापासून तीन मीटर मागे उभं राहूनच काढा, असं त्यांनी बजावलं. पावसाच्या आधी एकदा जाऊन येतो.